आधी मोजणी, मग निकाल

जावाचा प्रकल्प मेव्हनने बिल्ड करायला घेतला की पडद्यावर ओळी भराभर सरकतात आणि शेवटी ‘बिल्ड सक्सेस’ उमटते. बहुतेक जण तिथेच निश्चिंत होतात. थोडे वर जाऊन पाहिले तर कधीकधी एक ओळ सापडते: ‘टेस्ट्स रन: 0, फेल्युअर्स: 0, एरर्स: 0, स्किप्ड: 0’. प्रकल्पात टेस्टच्या फायली आहेत. त्या मेहनतीने लिहिलेल्या आहेत. इंटेलिजे किंवा एक्लिप्समध्ये एकेक उघडून चालवली तर चालतेही. पण बिल्ड करणाऱ्या साधनाला त्यांतली एकही दिसलेली नाही. परीक्षेला कोणी बसलेच नाही म्हणून कोणी नापास झाले नाही, असा तो निकाल असतो. आणि त्याच निकालाच्या भरवशावर प्रोग्रॅम ग्राहकाच्या सर्व्हरवर जातो.

ही पुस्तिका त्या पहिल्या शून्याबद्दल आहे.

युनिट टेस्ट कशी लिहावी यावर पुष्कळ पुस्तके आहेत. लिहिलेली टेस्ट बिल्डच्या हाती कशी लागते, यावर मात्र त्याच पुस्तकांत जेमतेम अर्धे पान असते. अंधेरीचे सरदार पटेल इन्स्टिट्यूट, विद्याविहारचे सोमय्या, पार्ल्याचे संघवी, बोरिवलीचे सेंट फ्रान्सिस अशा महाविद्यालयांतून दरवर्षी शेकडो मुलेमुली शेवटच्या वर्षाचे प्रकल्प घेऊन बाहेर पडतात आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यातच त्यांची या अडचणीशी गाठ पडते. ‘टेस्ट पिकच होत नाहीयेत’ हे वाक्य आपल्या ऑफिसांतून मराठीत रोज ऐकू येते. त्याचे उत्तरही मराठीत, सविस्तर आणि कारणांसह मिळायला हवे, या आग्रहातून हे लेखन झाले आहे.

उपनगरांचा आणि या कामाचा संबंध जुना आहे. अंधेरी पूर्वेला 1973 मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजे आपले सीप्झ, उभे राहिले. पुढे टाटा बरोजसारख्या कंपन्यांनी तिथून सॉफ्टवेअर परदेशी पाठवायला सुरुवात केली. त्याच सुमारास, फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखालील टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने रुग्णालयाची माहिती सांभाळणारी एक प्रणाली बरोजच्या एका प्रकारच्या यंत्रावरील कोबोलमधून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावरील कोबोलमध्ये नेली. हे सगळे काम मुंबईत, आयसीएल 1903 या संगणकावर झाले. त्या पिढीच्या प्रोग्रॅमरपुढे आपला प्रश्न नव्हता. पंच कार्डांचा गठ्ठा त्याच्या हातात असे, आणि कोणती चाचणी यंत्रात जाणार हे त्याने स्वतः लावलेल्या कार्डांवरून ठरत असे. चाचण्या शोधून काढण्याचे काम माणसाकडून साधनाकडे गेले, तेव्हापासून ‘साधनाला दिसले काय आणि दिसले नाही काय’ हा प्रश्न उभा राहिला.

बिल्ड साधनांची गोष्ट 1976 पासून सांगतात. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले. स्टीव्ह जॉन्सन या त्यांच्या सहकाऱ्याची एक अख्खी सकाळ दुरुस्त झालेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक सुधारली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. काय बदलले आहे ते तारखा पाहून ओळखावे आणि तेवढेच पुन्हा बांधावे, ही ‘मेक’ची कल्पना तिथून आली. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. पण तिच्यात आपल्या विषयाचा पहिला सापळा दडलेला होता. ‘मेक टेस्ट’ असा हुकूम द्यावा आणि प्रकल्पात ‘टेस्ट’ याच नावाचा फोल्डर असावा, तर ‘मेक’ त्या फोल्डरलाच तयार झालेली वस्तू समजते, ‘टेस्ट अप टू डेट आहे’ असे कळवते आणि काहीही न चालवता थांबते. ‘टेस्ट’ हे फाइलचे नाव नसून कामाचे नाव आहे, असे त्याला ‘फोनी’ या सूचनेने वेगळे सांगावे लागते. जवळपास पन्नास वर्षे झाली, तरी नवा माणूस या खड्ड्यात आजही पडतो.

जावाच्या जगात टेस्टला घर मिळाले ते जेयुनिटमुळे. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी असेच साधन आधी लिहिले होते. 1997 मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून त्यांनी आणि एरिक गामा यांनी त्याचे जावारूप तयार केले. सुरुवातीच्या जेयुनिटचा नियम सोपा होता: क्लास ‘टेस्टकेस’चा वारस असावा आणि मेथडचे नाव ‘टेस्ट’ने सुरू व्हावे. प्रोग्रॅम चालू असताना स्वतःच्याच मेथड्सची नावे वाचण्याची सोय जावात असल्यामुळे हे शक्य झाले. मात्र मेथडच्या नावात एक अक्षर चुकले तर ती मेथड टेस्ट उरत नव्हती, आणि कंपाइलरच्या दृष्टीने तिच्यात काहीच चूक नसे. 2006 मध्ये आलेल्या जेयुनिट 4 ने नावाची अट काढून ‘@टेस्ट’ ही खूण आणली. 2017 मध्ये जेयुनिट 5 आले आणि त्याने रचनाच बदलली. टेस्ट लिहिण्यासाठी लागणारा भाग वेगळा, ती चालवणारे इंजिन वेगळे आणि या दोहोंना बिल्ड साधनाशी जोडणारा प्लॅटफॉर्म वेगळा.

इथून पुढे हा विषय खरा गुंतागुंतीचा होतो, म्हणून पुस्तिकेचा मोठा भाग मी यालाच दिला आहे. टेस्ट सापडण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात: फाइल योग्य जागी असावी, तिचे नाव साधनाच्या साच्यात बसावे, मेथडवर योग्य खूण असावी आणि ती खूण ओळखणारे इंजिन हजर असावे. चारांपैकी एक चुकली तरी टेस्ट गायब होते. दुर्दैव असे की अनेकदा ती चुपचाप गायब होते.

मेव्हनचेच पाहा. तो टेस्ट शोधतो ‘एसआरसी’मधल्या ‘टेस्ट’मधल्या ‘जावा’ या फोल्डरात. प्रत्यक्ष चालवण्याचे काम शुअरफायर नावाचा प्लगिन करतो, आणि तो न सांगता फक्त ठरावीक नावांचेच क्लास उचलतो: ज्यांच्या नावाची सुरुवात ‘टेस्ट’ने होते किंवा शेवट ‘टेस्ट’, ‘टेस्ट्स’ किंवा ‘टेस्टकेस’ने होतो असे. तुमच्या क्लासचे नाव ‘फेअरटेस्ट’ असेल तर तो उचलला जाईल. ‘फेअरचेक’ असेल तर आत ‘@टेस्ट’च्या दहा खुणा असूनही शुअरफायर त्याच्याकडे पाहणार नाही. इंटेलिजे मात्र खुणा पाहतो, नाव पाहत नाही, म्हणून तिथे तीच फाइल बिनतक्रार चालते. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ या वाक्यामागचे एक खरे कारण हे आहे, आणि ते सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो.

दुसरे कारण आवृत्त्यांचे. मेव्हन 3 च्या मोठ्या काळात, म्हणजे 3.8 पर्यंत, पॉम फाइलमध्ये वेगळे लिहिले नाही तर शुअरफायरची 2012 ची 2.12.4 ही आवृत्ती वापरली जात असे. जेयुनिट 5 तेव्हा जन्मालाही आलेले नव्हते. त्यामुळे मेव्हन ताजा, जेयुनिट ताजे आणि मधला प्लगिन पाच वर्षे जुना, अशी जोडी जमे. प्लगिनला जेयुनिट 5 ची खूण कळत नसे आणि तो शून्य टेस्ट मोजून बिल्ड यशस्वी ठरवत असे. 2018 च्या शुअरफायर 2.22.0 पासून जेयुनिट 5 ला थेट आधार मिळाला. कंपन्यांतले जुने प्रकल्प एकाच पॉमची नक्कल करत वाढतात, त्यामुळे ती जुनी आवृत्ती अजूनही पुष्कळ ठिकाणी जिवंत सापडेल. पॉम उघडून आवृत्तीची ती एक ओळ पाहणे हे या पुस्तिकेतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे. जेयुनिट 4 आणि 5, दोन्हींत खुणेचे नाव ‘टेस्ट’च आहे, फक्त ती कोणत्या पॅकेजमधून आणली हे वेगळे. एडिटर आपोआप आयात सुचवतो, आपण पहिली सूचना स्वीकारतो आणि जेयुनिट 5 च्या प्रकल्पात जेयुनिट 4 ची खूण शिरते. कंपाइल होते. जुन्या टेस्ट चालवणारे ‘व्हिंटेज’ इंजिन सोबत नसेल तर ती टेस्ट मात्र कधीच चालत नाही. मेथड ‘प्रायव्हेट’ असली किंवा तिने एखादी किंमत परत केली तरी जेयुनिट 5 च्या जुन्या आवृत्त्या तिला मुकाट्याने वगळतात. कॉटलिनमध्ये लिहिणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तिथे बरोबरचे चिन्ह देऊन एका ओळीत लिहिलेली मेथड नकळत किंमत परत करते.

ग्रेडलचा स्वभाव वेगळा आहे. तो नावावर विसंबत नाही, कंपाइल झालेल्या क्लास फायलींच्या आत डोकावून टेस्ट शोधतो. मात्र जेयुनिट 5 साठी त्याला ‘यूज जेयुनिट प्लॅटफॉर्म’ असे स्पष्ट सांगावे लागते. ती ओळ राहिली तर तो जुन्या पद्धतीने शोधत बसतो. शिवाय इनपुट बदलले नसेल तर तो टेस्ट पुन्हा चालवत नाही, ‘अप टू डेट’ म्हणतो. वेळ वाचवण्यासाठी हे योग्यच आहे. पण टेस्ट बाहेरच्या डेटाबेसवर किंवा आजच्या तारखेवर अवलंबून असेल, तर ग्रेडलला तो बदल दिसणार नाही.

पुस्तिकेभर एकच उदाहरण घेतले आहे: रिक्षाचे भाडे काढणारा छोटा प्रोग्रॅम. मुंबईत रिक्षा उपनगरांतच चालते, त्यामुळे वाचकाला त्यातले नियम नव्याने शिकावे लागणार नाहीत. पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडे, पुढे दर किलोमीटरचा दर, मध्यरात्र ते पहाटे पाच वाढीव भाडे, शेवटी रुपयात पूर्णांक. एवढ्यातही टेस्टसाठी सुपीक जागा आहेत: बरोबर दीड किलोमीटरवर काय होते, रात्री बाराच्या ठोक्याला कोणता दर लागतो, मीटर पहाटे पाचच्या आधी पडला आणि प्रवास नंतर संपला तर काय करायचे.

हे उदाहरण निवडण्याचे आणखी एक कारण आहे. किमान भाडे 1 ऑक्टोबर 2022 पासून 21 चे 23 रुपये झाले आणि 1 फेब्रुवारी 2025 पासून 26 झाले. समजा, तुम्ही 23 च्या काळात टेस्ट लिहिली: अंधेरी स्टेशनजवळच्या एक किलोमीटरच्या फेरीला 23 रुपये यावेत. फेब्रुवारी आला, प्रोग्रॅममध्ये तुम्ही 26 केले, पण टेस्टला हात लावला नाही. आता बिल्ड लाल व्हायलाच हवे. 23 अपेक्षित असताना 26 आले, अशी तक्रार टेस्टने करायला हवी. बिल्ड हिरवेच राहिले, तर दर बदलला की नाही हे पाहण्याआधी टेस्ट चालली का हे पाहा. लाल व्हायला हवे तिथे हिरवे दिसणे, ही टेस्ट हरवल्याची सर्वांत खात्रीची खूण आहे. म्हणून पुस्तिकेतला प्रत्येक प्रयोग मी मुद्दाम चुकीच्या अपेक्षेने सुरू केला आहे: आधी 99 रुपये लिहा, बिल्ड फेल झालेले पाहा, मग बरोबर आकडा लिहा.

जावा सोडून इतर भाषांसाठी पुस्तिकेत एकच प्रकरण आहे, पण त्यात पवईचा उल्लेख आवश्यक होता. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर महाविद्यालयांपर्यंत नेण्याचे मोठे काम केले आहे. त्यांचे ‘यक्ष’ नावाचे ऑनलाइन परीक्षा घेणारे सॉफ्टवेअर विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्रॅम थेट टेस्ट केसवर चालवून तपासते आणि उत्तर लगेच सांगते. महाभारतातल्या तळ्याकाठच्या यक्षाची आठवण देणारे हे नाव नेमके आहे: आधी प्रश्नांची उत्तरे, मग पाणी. ज्या विद्यार्थ्याने तिथे आपला प्रोग्रॅम दुसऱ्याने लिहिलेल्या टेस्टपुढे उभा केला आहे, त्याला टेस्ट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

पायथॉनमध्ये पायटेस्ट हे साधन ‘टेस्ट_’ने सुरू होणाऱ्या किंवा ‘_टेस्ट’ने संपणाऱ्या फायली शोधते. एकही टेस्ट सापडली नाही तर ते 5 हा वेगळा एक्झिट कोड देते, म्हणजे शून्याला यश मानत नाही. हा निर्णय मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. पायथॉनच्या स्वतःच्या ‘युनिटटेस्ट’नेही 3.12 पासून तोच मार्ग धरला, आणि ग्रेडल 9 मध्ये टेस्टच्या फायली असून एकही टेस्ट सापडली नाही तर बिल्ड फेल होते. मेव्हनमध्ये हेच वागणे ‘फेल इफ नो टेस्ट्स’ ही सेटिंग चालू करून मिळते. अनेक मॉड्यूल असलेल्या प्रकल्पात, ज्या मॉड्यूलमध्ये खरोखरच टेस्ट नाहीत तिथे ती बंद ठेवावी लागेल; तेवढा त्रास घेण्याजोगा आहे.

मराठीत नावे देऊ पाहणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र टिपण जोडले आहे, कारण हा प्रश्न आपल्याखेरीज कोणी हाताळणार नाही. जावा आणि पायथॉन दोन्हींत देवनागरी नावे चालतात. पण क्लासचे नाव ‘भाडेचाचणी’ ठेवले तर ते शुअरफायरच्या साच्यात बसत नाही, आणि टेस्ट गायब होते. त्यावर उपाय दोन: पॉममध्ये साचा वाढवा, किंवा नाव रोमन ठेवून जेयुनिट 5 च्या ‘डिस्प्लेनेम’ खुणेत मराठी वाक्य लिहा, म्हणजे अहवालात ‘रात्री बारानंतर वाढीव भाडे’ असे वाचता येते. मी दुसरा सुचवेन. गो भाषेत तर काना-मात्रा असलेले नाव कंपाइलर स्वीकारतच नाही, कारण तिथे नावात फक्त अक्षरे आणि अंक चालतात आणि युनिकोडच्या हिशेबात आपली स्वरचिन्हे अक्षरांत मोडत नाहीत. मराठी, हिंदी, तमिळ लिहिणाऱ्या सगळ्यांवर हा अन्याय आहे आणि तो दूर व्हायला हवा.

शेवटचे प्रकरण आहे सर्व्हरवरच्या बिल्डचे. सीप्झमध्ये, चांदिवलीत, मालाडच्या माइंडस्पेसमध्ये किंवा घाटकोपर-मुलुंडहून रोज ऐरोलीला जाणाऱ्यांच्या ऑफिसांत बिल्ड कुणाच्या लॅपटॉपवर होत नाही, ते जेनकिन्ससारख्या सर्व्हरवर होते, आणि त्याचा पडदा क्वचितच कोणी शेवटपर्यंत वाचतो. जेनकिन्सच्या अहवाल वाचणाऱ्या प्लगिनमध्ये एक सुंदर संदेश आहे: टेस्टचे अहवाल सापडले, पण त्यांतला एकही नवा नाही, टेस्ट चालल्या का? कालचेच अहवाल फोल्डरात पडून राहिले असतील तर तो ते ओळखतो आणि माणसाला विचारतो. ज्याने कुणी हा प्रश्न तिथे लिहिला, त्याला हा विषय आतून कळला होता. घाईच्या रात्री ‘स्किप टेस्ट्स’ची सूचना बिल्डच्या हुकमात घालून ठेवतात आणि सकाळी ती काढायची राहते, याबद्दलही या प्रकरणात लिहिले आहे. अशी सूचना हुकमात कायमची राहू नये म्हणून ती फक्त हाताने देता यावी, फाइलमध्ये लिहिता येऊ नये, असा नियम प्रत्येक टीमने करावा, असे माझे ठाम मत आहे. बँकांचे आणि शेअर दलालांचे हिशेब करणारे प्रोग्रॅम याच उपनगरांत लिहिले जातात. त्यांतल्या एका चुकलेल्या गुणाकाराची किंमत ज्याच्या खात्यातून जाते, त्याने बिल्डचा पडदा कधी पाहिलेला नसतो.

वाचकांना एक विनंती. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचण्याआधी तुमच्या आजच्या प्रकल्पात टेस्ट किती आहेत ते फायली उघडून मोजा आणि आकडा कागदावर लिहा. मग बिल्ड चालवा आणि ‘टेस्ट्स रन’पुढचा आकडा त्याच्या शेजारी लिहा. दोन्ही जुळले तर एका टेस्टमधली अपेक्षा मुद्दाम चुकवा आणि बिल्ड फेल होते का ते पाहा. जुळले नाहीत, तर थेट तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करा.